समीरच्या गेममधलं जळकोट

माझा मित्र डायलिसिसच्या कॉटवर पडून गेम बनवायचा.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

समीर नांदेडचा. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मी निलंग्याचा. इंजिनिअरिंगला चार वर्षं एका बेंचवर होतो. कॉलेज संपलं, मी लातूरला नोकरीला लागलो, आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर वेळी चार तास. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही.

बाकीचे पेशंट छताकडे बघत पडून राहायचे. ह्यानं एका हातानं खेळता येईल असा मोबाईल गेम करायला घेतला.

गेम साधा होता. अंगठ्यानं एसटी चालवायची, स्टॉपवर थांबून माणसं घ्यायची. स्टॉपची नावं त्या वॉर्डातल्या पेशंटच्या गावांची.

तो फोनवर कोड लिहून मला व्हॉट्सॲप करायचा. मी इकडे लातूरला लॅपटॉपवर जोडायचो.

एकदा म्हणालो, तू आराम कर, बाकीचं मी बघतो.

"सुई हातात हाय, मिलिंद. डोक्यात न्हाई."

त्याच्या शेजारच्या कॉटवर जळकोटच्या सुमनकाकू असायच्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायच्या. फोनवर गेम म्हणून कधी खेळलेल्या नाहीत. त्याच्या स्क्रीनकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, की ह्यात आमचं गाव हाय का.

नव्हतं.

समीरनं तिथल्या तिथं जळकोटची ओळ लिहिली आणि मला पाठवली. मी ती कॉपी करून कोडमध्ये टाकली.

गेम सुरूच होईना. कंपाईल एरर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोड आधी कॉम्प्युटरनं तपासून मान्य करावा लागतो. एका ठिकाणी जरी खटकलं, तरी अख्खा गेम अडतो. कुठे खटकलं ते तो सांगतो.

मला तो सांगत होता की जळकोटच्या ओळीत एक नको ते अक्षर आहे. कोणतं, ते पुढे अवतरणचिन्हांत दाखवतात.

त्या चिन्हांच्या मधे काहीच नव्हतं. रिकामं.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेल. स्पेलिंग बरोबर, कंस बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दोन दिवस गेले त्यात. ओळ काढली की गेम चालायचा, टाकली की तोच एरर.

शेवटी वैतागून समीरला फोन केला. तो वॉर्डातच होता. म्हणालो, जळकोट सोडून देऊ ना. बाकीची सात गावं आहेत, एका स्टॉपनं काय फरक पडतो.

मागे मशीनचा आवाज येत होता.

तो हळू आवाजात म्हणाला, "ती बाई परवा पुन्हा माझ्या बाजूला येऊन पडणार हाय. काय सांगू तिला? तुमच्या गावाचा एरर येतो म्हणू?"



त्यानं मला कर्सर त्या ओळीच्या सुरुवातीला न्यायला सांगितला. बाणाचं बटण एकेकदा दाब, म्हणाला, आणि कर्सर हलला की मला सांग.

मी चिडूनच दाबत होतो. हलला. हलला. हलला. गावाचं नाव संपलं, अवतरणचिन्ह संपलं. पुन्हा बटण दाबलं.

कर्सर जागचा हलला नाही.

"तिथंच हाय ते," समीर म्हणाला. "दिसत न्हाई तुला, पण हाय. अख्खी ओळ पूस अन् हातानं लिही."

पुसली. लिहिली. गेम सुरू झाला.

मेसेजमधून कॉपी करताना सोबत एक न दिसणारं अक्षर आलं होतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॉम्प्युटर मात्र त्यावरच अडून बसतो.

पुढच्या डायलिसिसला त्यानं फोटो पाठवला. सुमनकाकूंच्या उजव्या हातात फोन, कपाळाला आठ्या, सगळं लक्ष गाडीवर. खाली लिहिलं होतं, जळकोटला गाडी थांबवली ती काकू पुढे नेईनात.

काही महिन्यांनी त्याचा मेसेज आला. बिलोलीचे एक काका नवीन आलेत, बिलोली टाक.

मी ऑफिसच्या कामात होतो. रविवारी करतो, असं लिहिलं.

शनिवारी दुपारी त्याच्या अब्बांचा फोन आला. समीरच्या रक्तात इन्फेक्शन झालं होतं. "आ जा बेटा," एवढंच म्हणाले.

दफन झाल्यावर मी लातूरला परत आलो आणि बिलोली टाकलं. दहा मिनिटांचं काम होतं.

पुढच्या आठवड्यात नांदेडला त्या वॉर्डात गेलो. बिलोलीच्या काकांच्या फोनमध्ये गेम टाकून दिला. समीरच्या कॉटवर दुसरं कुणी होतं.

सुमनकाकूंनी मला जवळ बोलावलं. विचारलं, "तूच का लातूरचा मिलिंद?"

मी हो म्हणालो.

"समीर सांगायचा. माझं गाव तूच बसवलंस म्हणून."

मला तिथं खरं सांगता आलं नाही. मान डोलावली आणि बाहेर आलो.

ते आज सांगतो. काकू, तुमचं गाव समीरनं ठेवलं. मी ते काढायला निघालो होतो.

अलविदा, मित्रा.