पाचव्या वर्षाचा दिवा

घटाला बसलेल्या बाईनं नऊ दिवस गावाची वेस ओलांडायची नाही, हा काही सरकारी कायदा नव्हे. पण आष्ट्याजवळच्या त्या गावात सरकारचे कायदे लोक खुशाल मोडायचे आणि हा मात्र डोळे मिटून पाळायचे. पल्लवीनं तो चार वर्षं पाळला होता. यंदाचं पाचवं, म्हणजे शेवटचं.

पाळायचा म्हणजे काय, ते पाळणारीलाच ठाऊक. देवघराच्या कोपऱ्यात काळ्या मातीवर घट बसायचा, भोवती पेरलेलं धान उगवायचं, वरून रोज कारळ्याच्या पिवळ्या फुलांची एक माळ सुटायची आणि शेजारी तेलाचा दिवा. तो नऊ दिवस विझता कामा नये. वाऱ्यानं विझेल म्हणून घामाच्या धारा लागल्या तरी पंखा बंद. वातीला काजळी धरली की आधी त्याच ज्योतीवर एक छोटी पणती लावून घ्यायची आणि मगच मोठी वात सारखी करायची. हाताचा धक्का लागलाच तर निदान पणतीतली ज्योत शाबूत राहावी. परसात गेलं तरी जीव दिव्यापाशी. पाळीची तारीख आडवी येऊ नये म्हणून ती दर वर्षी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणवायची. त्या गोळ्यांनी पोटात ढवळायचं, पाय सुजायचे. पण सांगणार कुणाला? आख्खा गाव म्हणायचा, "बाळासोंची सून लय भाग्याची, आईची सेवा घडतीया." भाग्यवान माणसानं पाय सुजल्याची तक्रार करायची नसते.

नवस पल्लवीनं बोललेला नव्हता, ही त्यातली गंमत. समू, तिची लेक, दीड वर्षाची असताना डेंग्यूनं पार मलूल झाली होती. सांगलीच्या दवाखान्यात पल्लवी पाच दिवस तिच्या उशाशी बसून होती. इकडे गावात सासूबाई, सुलाबाई, देवीपुढं पदर पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, माझी नात उठू दे, माझी सून पाच वर्सं घटाला बसंल, तुझा दिवा इझू द्यायची न्हाई." पदर सुलाबाईंचा आणि वर्षं पल्लवीची! पोर कडेवर घेऊन ती घरी आली तेव्हा उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळता ओवाळता सासूबाईंनी तिला हे सांगितलं. त्या घडीला कुणी पंधरा वर्षं मागितली असती तरी तिनं दिली असती. राग आला तो पुढं, दुसऱ्या वर्षी.

नवरा विश्वजित फौजेत. त्याची सुट्टी दसरा धरूनच मंजूर व्हायची, कारण पलटणीतल्या सगळ्या मराठी पोरांना दसऱ्यालाच घर आठवतं आणि हा त्यात वशिला लावून नंबर लावायचा. तो यायचा घट बसायच्या दिवशी आणि जायचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कासच्या पठारावर फुलं असतात तीही याच सुमाराला. दसरा लांबला की फुलं संपलेली, लवकर आला की सुट्टी संपलेली. आणि एकट्या सुनेनं लेकराला घेऊन नुसतं फिरायला म्हणून बाहेर पडायचं, हे त्या घरात कुणी कधी केलेलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी विश्वजित समूला घेऊन साताऱ्याला बहिणीकडे गेला आणि सोनियाआत्याबरोबर त्यांनी कास बघितलं. तिसऱ्या वर्षी ठोसेघरचा धबधबा. चौथ्या वर्षी पुन्हा कास आणि बामणोलीची होडी. पल्लवी दर वेळी पहाटे उठून सासूबाईंनी थापलेले धपाटे आणि दह्याचा डबा बांधायची, समूच्या दोन वेण्या घालायची आणि दारापर्यंत यायची. गाडी वळली की आत दिव्यापाशी. दिवसभर मोबाइलवर फोटो यायचे. फोटोत समू सोनियाच्या कडेवर, समू सोनियाच्या मांडीवर, सोनिया समूचं नाक पुसतेय. पल्लवीला नणंदेचा राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची. बिचारी पोरीला जीव लावत होती, तिचा काय गुन्हा?

बरं, पल्लवी काही आडरानातून आलेली नव्हती. कराडची पोर ती. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत वडील सगळ्यांना सायकलवर घालून कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचे, भेळ खायला घालायचे. आपलं लेकरू झालं की आपण त्याला इथंतिथं दाखवत हिंडायचं, एवढाच बेत तिनं लग्नाच्या आधी बांधलेला होता. मोठं घर, दागिने, असलं काही नाही.

पण समूला कुणी विचारलं, "मम्मी कुठाय गं?" तर ती खेळता खेळता म्हणायची, "दिव्यापाशी." समूच्या लेखी तो मम्मीचा पत्ताच झाला होता.

दिव्यापाशी बसून बसून पल्लवीनं एक वाक्य तयार केलं होतं. "आत्ती, नवस जिनं बोलला तिनंच फेडावा." बस्स, इतकंच. वातीवरची काजळी झाडताना ती ते मनात म्हणायची. कधी नरम आवाजात, कधी चढ्या. पाच वर्षं पुरी करायचीच, त्यात खोट ठेवायची नाही. पण पुढं पुन्हा काही निघालं, तर हे वाक्य सासूबाईंच्या तोंडावर टाकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि निघायची धास्ती होतीच. यंदा घट बसवतानाच सुलाबाई म्हणाल्या होत्या, "औंदा आईला नातू मागावा म्हंते." पल्लवीनं ते ऐकलं आणि वाक्य जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

सुलाबाई वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. नऊ दिवस त्या सुनेला चूल शिवू द्यायच्या नाहीत, वरीचा भात तिच्या पुढ्यात आणून ठेवायच्या, दुपारी "जरा पड, मी बघते दिवा," म्हणून स्वतः बसायच्या. एकदा तर पल्लवीच्या सुजलेल्या पायांना तेल चोळायला लागल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

सातव्या माळेला सुलाबाई समूला घेऊन देवीच्या आरतीला गेल्या. समू आता पहिलीत, बोलायला चुरुचुरु. परत आल्यावर आजी आणि नात दोघी एकमेकींकडं बघून हसत होत्या. पल्लवीनं विचारलं, "काय गं, काय झालं?" समूनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि आजीच्या मागं लपली. सुलाबाई म्हणाल्या, "काय न्हाई. आमचं आजी-नातीचं हाय." पेढा जास्तीचा मिळाला असेल, म्हणून पल्लवी वात सारायला वळली.

त्या दिवसापासून नातवाचं नाव सुलाबाईंनी काढलं नाही. उलट दसऱ्याच्या आदल्या दिवशी विश्वजित म्हणाला, "आये, मी दोन दिवस सुट्टी वाढवून घेतलीया. पल्लवीला कासला न्यावं म्हंतो," तर एरवी हजार शंका काढणारी ही बाई चटकन म्हणाली, "ने की! मी बी येते." सासूला इतकी वर्षं आपण उगीच पाण्यात पाहिलं, असं वाटून पल्लवीला भरून आलं.

दसऱ्याला घट उठले. पुरुष माणसं शिलंगणाला वेस ओलांडून गेली, आपट्याचं सोनं घेऊन आली. उगवलेलं पिवळं धान सासऱ्यांच्या, बाळासोंच्या टोपीत खोवलं गेलं. पल्लवीनं दिव्याला शेवटचा नमस्कार केला आणि उठून पंख्याचं बटण दाबलं. पंख्याखाली ती बराच वेळ नुसती उभी राहिली. संपलं. पाच वर्षं संपली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गाडी निघाली. बाळासो जनावरांसाठी घरी राहिले. वेशीपाशी गाडी आली तेव्हा पल्लवीनं काच खाली केली. पेठनाका, कराड, उंब्रज. तिच्या ओळखीचा रस्ता, पण मांडीवर लेक घेऊन, नुसतं फिरायला म्हणून तो पहिल्यांदाच लागत होता. साताऱ्याच्या पुढं यवतेश्वरचा घाट सुरू झाला, समूला मळमळलं, पल्लवीनं तिला आवळसुपारी दिली आणि पदरानं वारा घातला. सोनियाच्या जागी आज ती होती.

पठारावर फुलं उतरणीला लागली होती. तेरडा बराचसा वाळला होता, सोनकीचा पिवळा पट्टा तेवढा अजून शिल्लक होता. पण समूचा उत्साह काही उतरला नव्हता. ती आईचं बोट धरून पुढं पुढं ओढत होती. "ही गेंदाची फुलं, मम्मी. पांढरी. आन् ही निळी बारकी हायती न्हवं, ती सीतेची आसवं. मागल्या साली लय हुती. हात लावायचा न्हाई, राखणदार शिट्टी वाजवत्यात." पल्लवीला हसू आलं. आपण लेकीला सगळं दाखवायचं म्हणत होतो आणि लेकच आपल्याला दाखवतेय. पण आज तिला तेही गोड लागलं. कुंपणाच्या कडेनं त्या दोघी तासभर हिंडल्या. ऊन होतं, वारा होता, विझायचं काही नव्हतं.

मग झाडाच्या सावलीत चटई टाकून सगळे जेवायला बसले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. समूनं तोंडातला घास एका गालात सरकवून विचारलं, "मम्मी, तुला आवडलं?"

"लय आवडलं, बाळा."

समू टाळ्या पिटत आजीकडं वळली. "आज्जी, आता सांगू? झालं की आता पुरं!"

"सांग की. आता सांगाय हरकत न्हाई," सुलाबाई म्हणाल्या.

"मम्मी, म्या देवीला नवस बोलले! सातव्या माळंला. म्या म्हटलं, देवी, माझ्या मम्मीला आमच्यासंगं फुलं बघायला येऊ दे, माझी मम्मी पाच वर्सं तुझा दिवा सांभाळंल!"

पल्लवीच्या हातातला घास हातातच राहिला. पोर आनंदानं लालबुंद झालं होतं. आईसाठी आपण काय मोठं काम केलं, ते आईनं ऐकावं म्हणून तिच्या तोंडाकडं टक लावून बसलं होतं.

विश्वजितनंच आधी तोंड उघडलं. "आगं आये, लेकरू हाय ते. आजी बोलली तसं बोललं. त्येचं काय धरून बसायचं?"

"आसं कसं?" सुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "लेकराच्या तोंडनं मागितलेलं देवी पयल्यांदा आयकती. आयकलं का न्हाई? तुझी सुट्टी वाढली, पल्लवी हितं बसलीया. आईनं आपलं काम केलं, आता फेडाय नको? मी काय बोलले न्हाई बाबा. मी तर नातू मागणार हुते, ते बी ऱ्हाऊ दिलं."

इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य पल्लवीच्या घशापर्यंत आलं. नवस जिनं बोलला... तिनं ओठ उघडलेही. तेवढ्यात सुलाबाईच पुढं म्हणाल्या, "पल्लवीच्या मनात नसंल तर ऱ्हाऊ दे. बळजबरी कशाची? नवस जिनं बोलला तिनं फेडावा. पोरगी आता पयलीत हाय, शिकंल दिव्याला बसायला. मी बसते की संगं."

"मी बसते, आज्जी!" समू म्हणाली. "मला येतं. आधी पणती लावायची, मग वात सारायची. म्या मम्मीचं बघितलंय."

पल्लवीला एकदम दिसलं. बंद पंखा. भिंतीला टेकून बसलेली सात-आठ वर्षांची पोर, दारातून निघून जाणारी गाडी ऐकणारी.

"न्हाई," ती म्हणाली. इतक्या जोरात की शेजारच्या चटईवरच्या माणसांनी मान वळवून बघितलं. "ती न्हाई बसायची. मी बसते, आत्ती. पाच वर्सं मीच बसते."

सुलाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. "शहाणी गं माझी बाय," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या ताटात आणखी एक धपाटा वाढला. विश्वजित मान खाली घालून जेवत राहिला. त्याला सुट्टी संपून परवा जायचं होतं.

जेवण झाल्यावर पल्लवी हात धुवायच्या निमित्तानं समूला बाजूला घेऊन गेली. ओरडायचं नाही, असं तिनं स्वतःला दहादा बजावलं. पोरीच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत ती म्हणाली, "समे, माझं एक आयकशील? हितनं फुडं देवीम्होरं गेलीस की नुसतं पाया पडायचं. तोंडानं काय बोलायचं न्हाई. कायबी मागायचं न्हाई."

समूचा चेहरा उतरला. "मग मला काय पायजे आसंल तर?"

"मला सांगायचं. आदी मला."

समूनं ओले हात फ्रॉकला पुसले आणि जरा विचार केला. "पर मम्मी," ती म्हणाली, "तू तर घरातच आसतीस."

पल्लवीनं बाटलीचं झाकण लावलं. मग लेकीचं बोट धरून ती पुन्हा कुंपणाकडे निघाली. गाडी निघायला अजून अर्धा तास होता.