तपासणाऱ्याची सही

"थंडीत हलकं वाचावं जी. जड पुस्तकाले हात शालीबाहेर काढा लागते."

डिसेंबर लागला की ते हे वाक्य ड्रॉइंग ऑफिसातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवत. ऐकवताना दोन्ही हात बगलेत खुपसून दाखवत आणि कोणी हसायच्या आधी स्वतःच हसत. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

ते ट्रेसर होते. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. रशियन इंजिनिअरांचे नकाशे यायचे आणि हे त्यांच्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरून रेघ न् रेघ शाईने उतरवून घेत. शाई धरावी म्हणून कापडावर आधी खडूची पूड चोळावी लागे. त्यामुळे त्यांच्या स्वेटरची कोपरं कायम पांढरी. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असे: काढणाऱ्याची सही, ट्रेस करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. तिसरी सही झाल्याशिवाय नकाशा साइटवर जात नसे.

मी त्याच खोलीत टायपिस्ट होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली; मराठी घरात बोलायची, पण वाचताना ओळीखाली बोट ठेवायची. आई जाऊन पाच महिने झाले होते. घरी मी आणि बाबा. दोघंही वेळेवर जेवत होतो. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एका दुपारी डब्याच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. हातात रद्द झालेल्या ब्लूप्रिंटचं कव्हर घातलेलं एक पुस्तक होतं.

"बाई, एक विचारू? रागावान नाही ना?"

"विचारा."

"तुम्ही कावून हासत नाही कधी?"

मी मशीनकडे पाहिलं.

"टोमणा नाही जी! उलट मले तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. मी तं नोटीसबोर्ड वाचूनही हासतो. माझ्या हासण्याले कोण पुसते?"

मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात त्यांचं चार महिन्यांचं बाळ गेलं होतं. बायको तेव्हापासून भंडाऱ्याकडे माहेरी होती. कोणाशीच बोलत नव्हती. इथे त्यांना क्वार्टर मिळालं होतं, पण ती यायला तयार नव्हती.

"तिले कादंबऱ्यांचा लय नाद. तोंडात पदर कोंबून हासे. एकदा हासली ना बाई, तं येते ती. मले माहीत आहे."

पुस्तक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "एक पोरगी, एक पोरगा अन् एक बकरी. पोरगा चिठ्ठी लिहिते, बकरी खाते. पुन्हा लिहिते, पुन्हा खाते." इथे त्यांना इतकं हसू आलं की थांबावं लागलं. "चाळीस पानं झाली माझी. पुढं अर्जंट काम आलं. तुम्ही पूर्ण वाचा. तुम्हाले हासू आलं तं तिले येईनच."

मी साठ पानं वाचली. वाक्यं चांगली होती. बकरीने तिसरी चिठ्ठी खाल्ली तेव्हा इथे हसायचं असतं, हे मला कळलं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

सोमवारी ते दारातच उभे होते.

"हासल्या?"

"हो," मी म्हटलं. नाही म्हणायला पुढे बरंच बोलावं लागलं असतं.

"अरे, बाई हासल्या!" त्यांनी सगळ्या खोलीला सांगितलं.

"मग पेपरात छापून आणा," हेड ड्राफ्ट्समन बोर्डवरून मान न उचलता म्हणाले.

ते पुन्हा माझ्याकडे वळले. "अन् शेवट कसा आहे?"

"चांगला आहे."

त्यांनी पुस्तकाचं पहिलं कोरं पान उघडलं, पट्टी लावून उजव्या कोपऱ्यात नकाशासारखी चौकट आखली. 'निवडले' समोर स्वतःची सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. 'तपासले' समोरची जागा रिकामी होती.

"तिले मजा वाटेल," ते म्हणाले.

मी सही केली.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर बायकोचं पोस्टकार्ड ठेवलं. अक्षर लहान, सरळ. 'पुस्तक मिळालं. शेवटच्या पानावर बारसं आहे. पाळणासुद्धा आहे. तुम्ही वाचलं नव्हतं का? एकदा येऊन जा.'

"बारसं आहे का जी शेवटी?"

"माहीत नाही. मी तिथवर वाचलंच नाही."

त्यांनी पोस्टकार्ड उचलून खिशात ठेवलं.

"सही तं केली होती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. खरं तर चढला असता तर बरं झालं असतं.

मग ते बोर्डाकडे गेले आणि सोडून आलेली रेघ पूर्ण करू लागले. शाईची रेघ मध्येच सोडली की जोड दिसतो, असं ते नव्या मुलांना नेहमी सांगत. रेघ झाल्यावर त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने गेले.

रजा वाढली. पुन्हा वाढली. महिन्याने टपालाने राजीनामा आला, नकाशावर लिहावा तशा एकसारख्या अक्षरात. बायको भिलाईला यायला तयार नाही, म्हणून आपण गावीच राहून शेती पाहणार, एवढंच कारण. त्याच पाकिटात माझ्या नावाची एक घडी घातलेली चिठ्ठी होती.

'बाई, बारसं वाचून ती दोन दिवस रडली. मले खूप बोलली. तुम्हालेही बोलली. पण बोलली. आता रोज बोलते. हासत नाही अजून. एखादं हलकं पुस्तक दिसलं तर कळवा. शेवट वाचून.'

हेड ड्राफ्ट्समननी ती वाचायला मागितली. मी दिली नाही. ते म्हणाले, "गेला बिचारा. हात चांगला होता त्याचा."

राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मलाच टाइप करायचं होतं. मी तीन प्रती काढल्या. कुठेही खाडाखोड झाली नाही. पाकिटावर घालायचा पत्ता मी दुसऱ्या एका कागदावरही उतरवून घेतला.

त्यानंतर किती हिवाळे गेले. मी मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटातून कादंबऱ्या आणते, शालीत हात घेऊन अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आता बोट ठेवावं लागत नाही. कुठे हसायचं असतं तेही लगेच कळतं; हसू तेवढं येत नाही. त्यांना मात्र अजून एकही पुस्तक कळवलेलं नाही.