हरणीचा वाटा

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची गाडी सुटली, तेव्हा शेजारचा गृहस्थ वडापाव खात होता. मी त्याच्याकडे इतका टक लावून बघत होतो की शेवटी त्याने अंग चोरून खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचा दोष नव्हता. विषमज्वराने माझ्या आतड्याला भोक पाडलं होतं. पोट उघडून शिवावं लागलं होतं. पावसाळ्यापासून होळीपर्यंत माझ्या ताटात मऊ भात आणि ताक यांपलीकडे काही आलं नव्हतं. एवढ्या काळात माणूस साधू तरी होतो, नाहीतर हेवेखोर. मी साधू झालो नाही.

आमच्या घरात देवघराच्या जागी कागदाचे गठ्ठे असत. वडील पत्रकं लिहीत, आई घड्या घाली, मी ती भिंतींवर चिकटवत असे. हेवा हा मालकीहक्काचा रोग आहे, असं मी स्वतः एका पत्रकात लिहिलं आहे आणि आजही ते मला खरं वाटतं. तरीही खाटेवर मला जगवलं ते चैत्रातल्या पारधीने.

पारध (गावाने मिळून केलेली शिकार) जत तालुक्यातल्या एका वाडीची. शाळू निघाला, रानं मोकळी झाली की तिथली माणसं काठ्या आणि कुत्री घेऊन सशामागे पळतात. पाणी परिषदांची पत्रकं वाटताना मी तिथे बिराच्या घरी राहायचो. बिरा माझ्याच वयाचा, मेंढरं राखणारा. त्याच्या चुलत्यांनी, नानांनी, मला एक पिल्लू दिलं. लांब तोंडाची, पोट आत ओढलेली कुत्री, हरणी. मी तिला साताऱ्यात वाढवली आणि चैत्र आला की तिच्यामागे त्या माळावर धावलो. मी दवाखान्यात पडलो तेव्हा बिरा येऊन तिला घेऊन गेला. "बरा हो, मग ने," एवढंच म्हणाला.

त्या वाडीची एक रीत आहे. शिकारीचे सारखे वाटे घालतात, आणि एक वाटा कुत्र्याचा. तो मालकाने उचलायचा. जो उचलेल तो पुढच्या चैत्रापर्यंत चारचौघांत त्या कुत्र्याचा मालक. मी गेलो नसतो तर तो वाटा बिराने उचलला असता. म्हणून मी निघालो.

सशाच्या शिकारीला कायद्याची बंदी आहे, हे मला ठाऊक आहे. मात्र त्याच माळावरून मोठ्यांच्या जिपा सर्चलाइट टाकत फिरतात, तेव्हा कायदा कुठे झोपलेला असतो ते आधी कोणी सांगावं. काठी घेऊन पळणाऱ्याशी मग बोलू.

कराडला गाडी थांबली. कॉलेजची मुलं बर्फ घातलेला उसाचा रस पीत उभी होती. रसावरचा फेस ओठांवर, आणि वर हसणं.

"पावणं, घेताय का अर्धा?" एकाने विचारलं.

"मला चालत नाही."

"मग बघू तरी नका वो असं. आमच्या पोटात दुखंल!"

पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. हंगाम संपत आलेला, तरी एकेक ट्रॉली घरावर माळा चढवल्यासारखी भरलेली. गाडी त्यांच्यामागून कुंथत सांगलीला पोचली, तेव्हा जतची गाडी निघून गेली होती. मी मार्केट यार्डाकडे चक्कर मारली. हळदीची पोती उतरवणारे हमाल भुवयांपर्यंत पिवळे झाले होते. ते पाठीवर पोतं घेऊन नुसते पळत होते, आणि मी हातातली पिशवी दर वळणावर खाली ठेवत होतो. त्यांच्या मजुरीवर मी एकदा पोटतिडकीने लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या पोटऱ्या बघत उभा होतो.

बिराच्या घरी द्यायला भडंग घेतला. पुडा सुटला म्हणून मूठभर तोंडात टाकला, लसणीसकट. जतच्या गाडीत त्याने सूड घेतला. मी पोट धरून वाकलो, तशी शेजारच्या लाल फेटेवाल्या म्हाताऱ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"कुठं निघालाय?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"बिराकडं? त्येची कुत्री बघितलीय का? लय नामी हाय. ससा उठला की बिरानं नुसती शीळ घालायची."

"ती माझी कुत्री आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची? मग तिच्यामागं पळतंय कोण, तुमी?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. मी खिडकीबाहेर बघू लागलो. कवठे महांकाळ मागे पडलं तशी हिरवळ सरत गेली. उरल्या बाभळी, दगडांचे बांध आणि क्षितिजाला चिकटलेली मेंढरं. अधूनमधून मोहरलेला कडुनिंब येई आणि त्याचा वास गाडीत शिरून लगेच निघून जाई.

वाडीच्या फाट्यावर बिरा उभा होता. हरणी त्याच्या पायाशी. मला पाहताच ती उडालीच. पुढचे पाय छातीवर, जीभ तोंडावर. मी बसकण मारली. डोळ्यांत पाणी आलं, ते टाक्यांना धक्का लागल्यामुळे असेल. तेवढ्यात बिराने जिभेने 'च्यक' केलं, आणि ती मला सोडून त्याच्याजवळ जाऊन बसली.

"पोट सांभाळ गड्या," बिरा म्हणाला. "लय अवखळ झालीया."

त्याने ते माझ्या काळजीने केलं होतं. मला ते चाबकासारखं लागलं.

घरी बिराच्या आईने, आक्काने, माझं मनगट धरून पाहिलं. "आरं द्येवा! पोरगं हाय का कडब्याची पेंढी?" मग तिने हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) करून दिलं, बिनमिरचीचं. भाताताकानंतर ते मला पंचपक्वान्नासारखं लागलं. समोर बिरा झणझणीत कालवणात भाकरी कुस्करून खात होता. हरणी त्याच्या गुडघ्याला टेकून बसली होती. मी हाक मारली. तिने शेपूट हलवलं, पण जागची उठली नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत सगळे निघाले. मी काठी उचलली तशी नाना म्हणाले, "ती ठिवा. तुमी टेकावर बसायचं. ससा कुणीकडं वळतोय ते टावेल हलवून दावा."

"नाना, मी पळणार आहे."

"पळा की. मग तुमाला उचलून न्ह्यायला चौघं लागत्याल, आन् ससा ऱ्हायला बाजूला."

सगळे हसले. मी टेकावर जाऊन बसलो. खाली शाळूच्या धसकटांतून माणसांची रांग पुढे सरकू लागली. ससा उठला तो थेट बिरासमोर. मातीचं ढेकूळच उडालं असं वाटलं. बिराची शीळ आली, हरणी सुटली, आणि तिच्यामागे बिरा. मी टॉवेल हलवायचा विसरलो. ससा वळे, ती वळे. पाठ कमानीसारखी वाके, सुटे. अशी धावताना मी तिला कधी पाहिलीच नव्हती. मागून पळणाऱ्याला फक्त धूळ दिसते. बिरा मात्र तिच्यामागे न लागता बांधाच्या बाजूने आडवा धावला आणि सशाला तिच्याकडे वळवलं. हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याची फुप्फुसं हवी होती, त्याचे पाय हवे होते. मनात आलं, पडावा एकदा. तो पडला नाही.

एकच ससा मिळाला. नानांनी कडुनिंबाखाली वडाच्या पानांवर वाटे घातले, बोटभर बोटभर, पण सारखे. टेकावर बसलेल्यालाही एक. मग एक पान वेगळं ठेवलं.

"हरणीचा वाटा. कुणी उचलायचा?"

बिरा धापा टाकत खाली बघत होता. मग म्हणाला, "मालक आलाय की. त्येनं उचलावा." आणि हरणीच्या मानेवरचा हात त्याने काढून घेतला.

मी उठलो. पानापर्यंत गेलो. वाकलोसुद्धा. कसेल त्याची जमीन, असं मी गावोगाव ओरडलो आहे. ती घोषणा तेव्हा आठवली, आणि तिचा मला राग आला. दुसऱ्याच्या जमिनीबद्दल ओरडताना आपलं काही जात नाही.

"यंदा बिराने उचलावा," मी म्हणालो. "पुढल्या चैत्रात मी तिच्याबरोबर पळालो, तर मला विचारा."

"इचारू की," नाना म्हणाले. "पर कुत्रीलाबी इचारू."

बिराने पान उचललं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत मी मनाची समजूत घालत होतो की योग्य तेच केलं. समजूत पटत होती. हेवा तसाच होता, जराही उणा झाला नव्हता. तत्त्व पाळलं की मन निवतं, असं पत्रकांत लिहितात. ते लिहिणाऱ्यांना हरणी नव्हती.

सातारा आला. आमच्या घराकडे चढ आहे.

"बसा की," रिक्षावाला म्हणाला. "चेहरा बघा तुमचा, पांढरा पडलाय."

मी नको म्हणालो आणि चालू लागलो. पाण्याच्या टाकीपाशी दम संपला. कठड्यावर बसलो. यावेळी बिरा मेंढरं घेऊन माळावर असेल, ती त्याच्या पुढे असेल, आणि तो तिला हाक मारत असेल.

मी उठलो आणि उरलेला चढ चढू लागलो.