खाऱ्या मुंड्यांचं पाणी

कोंबडी मेलेली दिसली आणि मला आधी माझी मुलगी आठवली. आदल्या संध्याकाळी तीच कोंबडी काखेत धरून ती अंगणभर हिंडत होती, तिच्या चोचीला आपला गाल लावत होती. आता ती कोंबडी खुराड्याच्या दाराशी पाय ताणून आडवी पडलेली, आणि मुलगी आत अजून झोपलेली.

बाकीच्या कोंबड्या पाण्याच्या टोपाभोवती जमल्या होत्या. पीत होत्या, पीतच होत्या. एक निघाली, दोन पावलांत तिचे पाय लटपटले आणि ती भिंतीला टेकून बसली. मी तोंडाला पदर लावला आणि तशीच मागे सरले. बर्ड फ्लू! दुसरं काही मनात येईना. मोबाइलवर महिनाभर त्याच बातम्या येत होत्या.

आमचं घर गोखिवऱ्याच्या जुन्या गावठाणात. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात आणि आमचं अंगण त्यांच्या गॅलऱ्यांखाली उघडं पडलंय. आमच्या कोंबड्याच्या आरवण्याने तिथल्या लोकांची झोपमोड होते. स्वतःच्या गाड्यांच्या भोंग्यांनी होत नाही. एखाद्याने वरून फोटो काढून पालिकेला पाठवला असता तर दुपारपर्यंत माणसं आली असती आणि सगळ्या कोंबड्या पोत्यात भरून नेल्या असत्या. पण खरं सांगते, त्या घडीला मला कोंबड्यांची पर्वा नव्हती. मी आत जाऊन मुलीच्या कपाळावर हात ठेवला. गरम लागलं. माझाच हात गार पडलाय, हे कळायला वेळ गेला.

कोंबड्या माझ्या सासूच्या. दुकानातल्या खाद्याच्या गोणीचं नाव काढलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो. "गोनीतला खाऊन कोंबरी फुगते, मोठी नाय होत," असं तिचं म्हणणं. त्यामुळे घरात काही फुकट जात नाही. गिरणीतला कोंडा आणि कणी, भाजीवाल्याकडची मुळ्याची पानं, बेकरीतला शिळा पाव, नारळाचा चव पिळून उरलेला चोथा. आणि सगळ्यांत तिच्या अभिमानाची गोष्ट म्हणजे खाऱ्या माशांच्या मुंड्या. पावसाळ्याच्या बेगमीला खारवलेले बांगडे आणतो, त्यांच्या मुंड्या आणि पर ती बरणीत साठवते. रात्री त्यातल्या मूठभर भिजत घालायच्या, सकाळी वरचं खारं पाणी नारळाच्या आळ्यात ओतायचं, पुन्हा एकदा चांगल्या पाण्याने धुवायच्या, मग कुटून कोंड्यात कालवायच्या. मीठ नारळाला, मासा कोंबडीला. मी लग्न होऊन कामणहून इथे आले तेव्हा या सोहळ्याची टिंगल केली होती. पण आमच्या अंड्यांचं पिवळं बघितलं आणि तोंड बंद केलं.

सासू अंगणात आली. मेलेली कोंबडी बघून ती पायरीवरच बसली. नवऱ्याची पहिली पाळी, तो केव्हाच कंपनीत गेलेला. मी कामावर रजा सांगितली आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. फोन लावतानाही भीती वाटत होती, की आपणच आपल्या हाताने माणसं बोलावतोय. पण मुलगी डोळे चोळत दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिला पहिल्या झटक्यात खुराड्याकडेच जायचं होतं. तिला मी इतक्या जोरात ओढलं की ती रडायला लागली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "खूप पाणी पितायत? खारवलेलं काही खायला घातलं का?"

"घालतो, पण पाणी काढून. वर्षानुवर्षं घालतोय," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

बोलता बोलता माझी नजर नारळाकडे गेली. रोज सकाळी ओलं असणारं आळं कोरडं ठणठणीत होतं.

मी कालवलेल्या कोंड्याच्या पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ चरचरली. धुणं राहिलं होतं, एवढंच नव्हे. पहाटे सासूने कोंडा त्याच खाऱ्या पाण्यात भिजवून घातला होता. डॉक्टर म्हणाले, ते सगळं आधी उचला, चांगलं पाणी द्या पण थोडं थोडं करून द्या, आणि मेलेलीला हात लावू नका, आमचा माणूस येऊन बघेल. दुपारी त्यांचा माणूस आला. त्यानेही मिठाचंच सांगितलं, आणि तोवर भिंतीला टेकलेली कोंबडी चालायलाही लागली होती.

माझा जीव भांड्यात पडला. रोग नाही, मुलीला काही होणार नाही. हसू आलं मला. भीती उतरली की मला माणसांची थट्टा सुचते. मी म्हटलं, "काय आई, आज नारळाला उपास घडवलात?"

सासू हसली नाही. पायरीवर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी पानी फेकला होता," ती म्हणाली. मग नारळाकडे बघत, "फेकला ना गो?"

तिचा आवाज ऐकून माझं हसू जिथल्या तिथे मेलं. मागचे काही आठवडे माझ्यासमोर उभे राहिले. दोनदा मीठ पडलेली आमटी. ते मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. सकाळी मी कामावर जाते. दुपारी गॅस तीच पेटवते, भात तीच घालते, माझ्या मुलीला भरवते तीच. सकाळपासून मी खुराड्याला घाबरत होते. आता मला स्वयंपाकघराकडे बघवेना. आणि हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

मुलगी आजीच्या मांडीवर जाऊन बसली. "आजी, भूक."

सासूने तिच्या केसांवरून हात फिरवला, पण उठली नाही. माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. घाबरलेलं लहान मूल आईकडे बघतं तसं.

"तूच भरव तिला," ती म्हणाली. "उद्यापासून पन तूच काहीतरी बघ. माझ्या हातचा नको देऊ."