सुटलेलं सांग

"सुटलेलं सांग. अडकलेलं माझ्याकडं हाय."

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलं की ताईंचं हे ठरलेलं. चाकणला दिवसभर पार्ट तपासून डोळे चुरचुरायचे, बस निघाली की सगळ्यांना झोप हवी असायची. आणि या बाईला ऐकायचं असायचं, कुणाच्या घरातलं हरवलेलं नातं कसं सापडलं ते.

त्यांच्या आईचं माहेर भावाशी भांडून तुटलेलं. आता आई अंथरुणाला खिळली होती, आठवणही गेली होती. जाताना तिच्या अंगावर माहेरची साडी पडावी, एवढंच ताईंना हवं होतं. राजगुरुनगरच्या पुढचं ते गाव ठाऊक होतं, पण तिथं त्या आडनावाची घरं ढीगभर. 'शांताचं माहेर कुठलं?' असं विचारत त्या रजा काढून हिंडल्या. कुणाला ओळख पटली नाही.

मग त्या शिकायला लागल्या. मोबाईलवर परदेशी लोकांचे पूर्वज शोधायचे धडे असतात, तुम्हीही पाहिले असतील. "त्यांच्याकडं चर्चमधल्या जन्म-लग्नाच्या वह्या. त्यातून आपण काय शिकायचं?" म्हणून त्या आमच्याकडं वळल्या. वेल्डिंगच्या एका भाऊंनी आपलं घराणं थेट कुठल्याशा सरदारापर्यंत नेलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हे शोधलेलं न्हाई, ठरवलेलं हाय."

एका संध्याकाळी, सुटका व्हावी म्हणून, मी आमच्या आत्याची गोष्ट सांगितली. तिचा चुलतभाऊ तिला शोधत तिच्या सासरच्या गावी गेला, तर लोक त्या नावाची बाईच नाही म्हणाले. लग्नात ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलेलं, ते त्याला कुठून ठाऊक असणार? शेवटी एका शेजारणीला तिचं जुनं नाव आठवलं, म्हणून सापडली.

 भोसरी आली तेव्हा ताई म्हणाल्या, "म्हंजे मी माहेरात सासरचं नाव विचारत हिंडले."

घरी जाऊन त्यांनी आईला विचारलं, लहानपणी तुला काय हाक मारायचे? लेकीलाही न ओळखणारी ती बाई लगेच म्हणाली, "हौसा. दादा आलाय का?" दुसऱ्या दिवशी हे सांगताना ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मला फार वाईट वाटलं, बरंही वाटलं.

ताई पुन्हा त्या गावी गेल्या आणि हौसाचं नाव काढताच पारावरच्या म्हाताऱ्यांनी दादाचं घर दाखवलं.

ताईंची आई गेली तेव्हा मी शिफ्ट संपवून तशीच घाटावर पोचले. एक वाकलेला म्हातारा तिच्या अंगावर कोरी साडी घालत होता आणि "हौसे, हौसे" म्हणत होता. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सुटलं गं. कुणी विचारलं तर सांग."

त्याच महिन्यात त्यांचं कंत्राट संपलं. त्यांच्या जागी आता एक मुलगी बसते. बस सुटायच्या आत हेडफोन घालून झोपते. दमलेली असते बिचारी. माझ्याकडं एक सुटलेलं आहे, पण विचारायला ताई नाहीत.