कप्तानाचे वकील

कादंबरीतल्या एका खोट्या माणसाची वकिली इतक्या निष्ठेने करणारा गृहस्थ आमच्या मालवण तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ, माझे काका. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी वाचली, पण ती दर पावसाळ्यात पहिल्यापासून वाचली, आणि दर वेळी नव्याने रागावले. मुंबईच्या कुणा सद्गृहस्थाने आमच्या गावच्या वाचनालयाला पुस्तकांचा गठ्ठा पाठवला होता, त्यातून ती आली. कुठल्याशा विलायती कादंबरीचं ते मराठी रूप, विटेएवढं जाड. कव्हर आणि सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे तिचं नाव काय आणि लिहिणारा कोण, हे गावात कुणालाच कळलं नाही. काकांनी ती वाचायला म्हणून नेली. वाचनालयाच्या चिटणिसांनी काही दिवस तगादा लावला आणि मग नाद सोडला.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. एक देखणी, हट्टी, थोडी आपमतलबी मुलगी. तिचं लग्न ठरलेला कप्तान लढाईवर जातो आणि तो मेल्याची बातमी येते. घरात खायचे वांधे, पदरात धाकटी भावंडं. शेवटी ती एका गिरणीवाल्याशी लग्न लावते, आणि मग कप्तान शत्रूच्या कैदेतून जिवंत परत येतो. येऊन करतो काय, तर तिच्या समोरच घर घेऊन राहतो आणि तिच्याशी शब्द बोलत नाही. शेवटी ती त्याच्या दारात येऊन उभी राहते, तरी तो दार उघडत नाही. त्या मंडळींची मूळ नावं काकांच्या जिभेवर ठरेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं. ती मुलगी ‘ता चेडू’, तो ‘कप्तान’ आणि नवरा ‘गिरणवालो’. आमच्या गावातली लहान पोरंसुद्धा या तिघांना नावानिशी ओळखत.

काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कुणी पाऊल टाकलं की त्याला बसायला पाट मिळे आणि पाठोपाठ प्रश्न मिळे, की चूक कुणाची? कप्तानाच्या बाजूने बोलणाऱ्याला दुधाचा चहा. चेडवाची बाजू घेणाऱ्याला कोरा. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो आणि हट्टाने चेडवाच्या बाजूने बोलत होतो, त्यामुळे काकांकडच्या दुधाची चव मला कधी कळली नाही. पोस्टमन मोठा धोरणी होता, तो चहा पिऊन होईपर्यंत कप्तानाचा आणि फाटक ओलांडलं की चेडवाचा. पण मासे घेऊन येणारी बाई स्पष्टवक्ती निघाली. पाटी खाली ठेवून तिने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली, “घोव मेलो म्हणान सांगल्यार बायलेन काय खावचा? कप्तानाची वाट?” काकांनी तिच्याकडून मासे घेणं बंद केलं. बांगड्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही असे काका आठवडाभर लोणचं आणि पेज खात राहिले, आणि आठव्या दिवशी ती बाई न विचारता मासळी ठेवून गेली तेव्हा तिच्याशी न बोलता मासे साफ करायला बसले.

काका बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीवरून उतरले तरी हाताचं माप उतरलं नाही. एका माणसाचा स्वयंपाक त्यांना येतच नसे. तांदूळ घ्यायचे ते टोपभर, आणि आमटी केली तर वाडीला पुरेल एवढी. मग जेवायच्या वेळी खळ्यात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायच्या. कुणी थांबलं नाही तर थाळ्या झाकून शेजारी पोचवायच्या. सगळं वाटून झालं की पडवीत एकटेच जेवायला बसत, कादंबरी समोर उघडी ठेवून. मला ते लांबून दिसे, आणि पोट भरलेलं असलं तरी मी उगाच त्यांच्याकडे जाऊन भात वाढून घेई.

आता जे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि काकांच्या समोर कुणी काढत नसे, ते सांगायला हवं. लढाईच्या काळात काकांची बोट बुडाली. ते गेल्याची बातमी घरी आली. काकांच्या आईने आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी काकींचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, दिवस घातले आणि त्यांना वालावलला भावाकडे पोचवलं. आणि काका मेले नव्हते. दुसऱ्या बोटीने त्यांना उचललं होतं, आणि मग परक्या मुलखात कैदेत पडले होते. लढाई संपल्यावर काही दिवसांनी ते हाडांचा सापळा होऊन परत आले आणि त्यांना कळलं की आपल्या बायकोने आपलं कुंकू पुसून घेतलं. त्यांना ते लागलं. म्हणाले, मी मेलो यावर हिने विश्वास ठेवलाच कसा? गेली तशी येईल परत. तिकडे काकींनी त्याच दिवशी पुन्हा कुंकू लावलं आणि भावाला म्हणाल्या, मी आपल्या पायांनी आले नव्हते, मला पोचवलं होतं. आता न्यायला आले तर जाईन. आमच्याकडे अशा बाईला नवऱ्याने न्यायला जायचं असतं, यात काकींचं काही चुकलं नव्हतं. पण काका गेले नाहीत. वालावल काही विलायतेत नाही, सकाळी निघाला तर माणूस जेवायला पोचतो. तरी वर्षांवर वर्षं गेली.

एका पावसाळ्यात काका शेवटचं पान वाचून नेहमीप्रमाणे विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते. चेडू दारात उभं आहे, कप्तान आत बसला आहे. मला त्या दिवशी कोऱ्या चहाचा कंटाळा आला होता की काय कोण जाणे, मी विचारलं, “काका, तिचं चुकलं हे धरून चालू. पण दार उघडायला कप्तानाला काय झालं होतं?” काकांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले की आता याचा निकाल माणसांच्या हातात राहिलेला नाही, सोमवारी देवाला कौल लावायचा.

आमच्या गावात रवळनाथाला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नाहीत. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होकार. पण विलायती कादंबरीतल्या बाईसाठी कौल मागणारा माणूस रवळनाथानेही पहिल्यांदाच पाहिला असेल. त्या सोमवारी कुणी आजारी गाईसाठी आलं होतं, कुणी मुलीच्या स्थळासाठी, आणि सगळे आपलं काम विसरून काकांच्या भोवती जमले. गुरवाने हात जोडून सुरुवात केली, की बा देवा म्हाराजा, त्या बाईचा काय चुकला नसात तर उजवो कौल दी म्हाराजा. आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे म्हणालो, व्हय म्हाराजा. पाकळ्या हलल्या नाहीत. वाट बघून बघून मागून कुणीतरी म्हणालं, “पुस्तक जाडा आसा, देवाक वाचूक येळ लागतलो.” सभामंडपात हशा पिकला. काका तेवढे हसले नाहीत.

गुरव म्हणाला, नाव-गाव सांगितल्याशिवाय देवाने बाईला शोधावं तरी कुठे. त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याने पुन्हा सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ही जी कोण बाई...” आणि काकांकडे बघून थांबला, “बाईचा नाव?”

काकांच्या तोंडून आलं, “सुमती. वालावलची.”

लग्नात काकांनी तांदळात अंगठीने लिहिलेलं ते काकींचं नाव. आपण काय बोललो हे काकांना कळेपर्यंत गुरवाने ते गाऱ्हाण्यात घालून टाकलं होतं आणि आम्ही सवयीने व्हय म्हाराजा म्हणून मोकळे झालो होतो. उजवी पाकळी पडली. काकांनी टोपी घातली आणि तीर्थ न घेताच ते बाहेर पडले.

त्याच आठवड्यात गुरुवारी ते मला सोबत घेऊन वालावलला निघाले. एस्टीत त्यांनी चार वेळा टोपी काढली आणि चार वेळा घातली. काकी भावाच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना कितीतरी वर्षांनी बघत होतो. केस पांढरे झाले होते, कुंकू मोठं होतं. त्यांनी गूळपाणी आणून ठेवलं. काका उभ्यानेच म्हणाले, “न्यायला इलंय.”

काकींनी विचारलं, “कोणी सांगल्यान?”

खोटं बोलायची सोय असताना खरं बोलण्याचा काकांना नाद होता. ते म्हणाले, “देवान. उजवो कौल दिल्यान.”

काकी पुन्हा तांदळाकडे वळल्या. “देवान सांगल्यान म्हणान इलात. तुमका काय वाटता, ता तुमी अजून सांगूक नाय.” मग त्यांनी आम्हाला पोटभर जेवायला घातलं, आणि आम्ही दोघेच परत आलो. वाटभर मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही.

पुढच्या गुरुवारी काका एकटे गेले. देवाला विचारलं नाही आणि मलाही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले, तेव्हापासून बगलेत कादंबरी असे. काकींना वाचता येत नव्हतं, म्हणून ते पडवीत बसून मोठ्याने वाचत. आश्चर्य असं की तिथे ते चेडवाची बाजू मांडू लागले, आणि काकी ऐकून घेत. एकदा मी सोबत गेलो होतो तेव्हा कप्तान परत येतो ते पान चाललं होतं. काकींचा हात सुपात थांबला. “त्याका कैदेत खावक काय गावला, ह्या त्याका कोणी कशाक इचारूक नाय?” काकांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग कप्तानाचं म्हणून त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते कुठल्याच पानावर नव्हतं. मी उठून मागच्या बाजूला विहिरीकडे गेलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो.

एवढं होऊनही काकी काही आल्या नाहीत. परत येताना मी काकांना विचारलं, तर म्हणाले, “इचारूचा सोडलंय मी. इतकी वर्सां तिना वाट बघल्यान. आता जरा मी बघतंय.” घरी जाऊन त्यांनी टोपभर भात टाकला आणि वाडीला हाका मारल्या.

काही वर्षं अशीच गेली. मग एका गुरुवारी काकांना ताप भरला आणि ते गेले नाहीत. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तर खळ्यातून काकी येताना दिसल्या. हातात एक बोचकं, पायात चप्पल नाही, बरोबर कुणी नाही. मी धावत पुढे गेलो आणि विचारलं, काकी, तुम्हाला कळवलं कुणी? त्या पाय धुता धुता म्हणाल्या, “कोणी नाय. ते येवक नाय, म्हणान मी इलंय.”

काका त्या तापातून उठले आणि दिवाळीपर्यंत होते. त्या दिवसांत काकी दोघांपुरता भात लावत, आणि काकांनी त्यात कधी ढवळाढवळ केली नाही. काका गेल्यावरही काकी वालावलला परत गेल्या नाहीत. एवढ्या थोड्या दिवसांचा संसार मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याबद्दल दोष कुणाला द्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.