लोहचुंबकवाल्या आक्का

येडशीला हायवेच्या कडेला माझी डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. आक्का तिथं आल्या की आधी पदराची गाठ सोडायच्या. त्या गाठीत ना पैसे असायचे, ना किल्ल्या. फुटक्या कर्ण्यातून काढलेलं एक वाटोळं लोहचुंबक असायचं, त्याला मऊ फडकं शिवलेलं. ते घेऊन त्या समोर दिसेल त्या गाडीच्या अंगावरून फिरवायच्या. पत्रा असेल तिथं ते चिकटायचं. पत्रा सडलेला असून वरून पुट्टी थापून रंग मारलेला असेल, तिथं ते निसटायचं. मग आक्का जाहीर करायच्या, "हितं पुट्टी हाय." गाडीचा मालक शेजारी उभा असला तर जरा जास्तच मोठ्यानं.

कधीतरी जुना ट्रॅक्टर घेताना त्या फसल्या होत्या, तेव्हापासून ही सवय. पण तिचा त्रास मला. बार्शीचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी माझ्याकडून कामं करून घ्यायचा. एकदा तो घेणाऱ्यालाच शेडवर घेऊन आला. गाडी चकचकीत दिसत होती. आक्का उठल्या, दारापासून डिकीपर्यंत गेल्या आणि दोन ठिकाणी थांबल्या. घेणारा माणूस चहा अर्धा ठेवून निघून गेला, आणि तो व्यापारी पुन्हा कधी आला नाही. मी चिडलो. म्हणालो, "आक्का, माझं गिऱ्हाईक घालवलंत."

"म्या कुठं काय बोलले? लोहचुंबक बोललं," असं म्हणून त्या परत स्टुलावर बसल्या.

आक्का वाशीकडच्या एका मोठ्या शेतकरी घरातल्या. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज शेताच्या त्या टोकाला जाईल असा. यजमान, त्यांच्या भाषेत मालक, जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्यात नोकरीला. शेती त्याच बघायच्या. त्यांची एक गाडी माझ्या शेडमध्ये कामाला होती, आणि त्या गाडीपायी आम्ही दोघांनी एकमेकांना जेवढं छळलं, तेवढं घरच्यांनीही छळलं नसेल.

गाडी होती मस्टँग. दोन दारांची, लांब नाकाची, डावीकडं स्टेअरिंग असलेली अमेरिकन गाडी. आक्कांच्या मालकांनी तरुणपणी हैदराबादच्या एका घरातून हौसेनं आणलेली. माझ्याकडं ती ट्रकवरून आली, तेव्हा तिच्या टपावर कडब्याचा भुगा होता आणि आत पाखरांनी घरटी केली होती. कित्येक वर्षं ती गोठ्याच्या एका अंगाला उभी होती. डिकीत आणि मागच्या सीटवर युरियाची पोती ठेवायचे. युरिया पत्रा खातो. मी खाली वाकून तळाला पान्हा लावला, तर पान्हा आरपार गेला आणि मूठभर तांबडा चुरा माझ्या तोंडावर पडला.

"आक्का, ही भंगारात द्या," मी म्हणालो.

"भंगारात द्यायची असती तर तुमच्याकडं कशाला आनली असती? वाशीत काय भंगारवाला न्हाय व्हय?"

ही हौस कशासाठी, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. दुपारी धपाटे आणि शेंगाची चटणी घेऊन आम्ही बसलो होतो. आक्का आपणहून बोलायला लागल्या. लग्नानंतर मालकांनीच त्यांना ही गाडी शिकवली होती, शेतातल्या वाटेवर. त्यांना ती चांगली जमली. एकदा मालकांना ताप होता, घरातल्या बायकांना रामलिंगाला जायचं होतं. आक्कांनी गाडी काढली, नणंदांना घेऊन येडशीपर्यंत आल्या, दर्शन घेऊन परत गेल्या. गावात बोलणं सुरू झालं. संध्याकाळी सासऱ्यांनी मालकांकडून किल्ली मागून घेतली. गाडी गोठ्यात गेली. पुढच्या वर्षी मालकांनी जीप घेतली आणि तिच्यावर ड्रायव्हर ठेवला.

"मालक काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनतेत? गप बसले." आक्कांनी चटणीचा डबा बंद केला. "रोज कडबा काढताना दिसायची मला ती. मागं पोती भरलेली. एकदा म्या म्हनले, पोती तरी दुसरीकडं ठिवा. तर मालक म्हनले, मग ती कशाला हाय?"

आता सासरे नव्हते, मालकही नव्हते, आणि आक्कांना ती गाडी स्वतः चालवायची होती. एवढंच. लग्नात मिरवायची नव्हती, विकायची नव्हती, फोटो काढायचे नव्हते.

एवढं कळल्यावर माझा जीव जास्तच वैतागायला लागला. कारण काम संपतच नव्हतं. या गाडीला खाली वेगळी चासी नसते, पत्राच तिचा सांगाडा. त्यामुळं सडका पत्रा कापायचा, तर कुठं थांबायचं ते ठरवता येत नाही. तळ कापला, तर दाराखालच्या पट्ट्या हातात आल्या. पट्ट्या नव्या करून बसवल्या, तर मागच्या चाकावरचा पत्रा आतून जाळीसारखा झालेला. तयार भाग कुठून मिळणार? सपाट पत्रा घ्यायचा, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायचा, गाडीला लावून बघायचा, काढायचा, परत ठोकायचा. दर वेळी मी विचारायचो, "आक्का, इथं जरा भरून घेऊ का?" आणि दर वेळी एकच शब्द यायचा, "कापा." त्या शब्दाची मला इतकी चीड बसली, की घरी बायको भाजीचं काही विचारायची आणि मी वसकन "काप" म्हणायचो.

धीर मात्र आक्कांनाही नव्हता. तळ पूर्ण कापलेला असताना एक दिवस त्या म्हणाल्या, "मला आत बसायचंय." मी म्हणालो, बसणार कशावर, खाली जमीन दिसतेय. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मी आडवी फळी टाकली. त्या साडी सावरून चढल्या, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसल्या. गियरची दांडी कशालाही जोडलेली नव्हती. ती त्यांनी वर नेली, खाली आणली. "तिसरा जरा जड हुता," म्हणाल्या. त्या उतरेपर्यंत मी ग्राइंडर सुरू केला नाही.

तळ झाला, पट्ट्या झाल्या, मागचे पत्रे झाले. आता संपलंच असं वाटून मी गाडीवर पाण्याचा पाइप मारला. थोड्या वेळानं आत बघतो तर नव्या तळावर पाणी साचलेलं. पुढच्या काचेखाली पत्र्याची एक बंद पेटी असते, पावसाचं पाणी तिच्यातून खाली वाहून जायला. ती आतून सडली होती आणि पाणी सरळ पायांपाशी गळत होतं. तिथं पोचायचं म्हणजे बसवलेलं पुढचं सगळं पुन्हा उघडायचं. मी हातातला पाइप भिंतीवर आपटला. आक्का तिथंच होत्या. मला वाटलं, आता तरी हिरमुसतील. पण त्या जवळ यायला निघाल्या आणि वाटेत जमिनीवर ठेवलेल्या बंपरला अडखळल्या. चांगला भला मोठा बंपर, भर दुपारी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेले काही महिने त्या काहीही बघायचं तर सगळी मान वळवून बघत होत्या. शेजारी उभं राहिलं तर दचकायच्या. विचारल्यावर म्हणाल्या, काचबिंदू आहे, सोलापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि हात जोडले. "आक्का, ऐका माझं. ती पेटी वरून बंद करतो. पाणी गळणार नाही असं काहीतरी भरतो. दिवाळीच्या आत गाडी देतो. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. तुम्ही चालवून तर घ्या."

"आनि दोन वर्सांनी?"

"तेव्हाचं तेव्हा. पत्र्याला वेळ आहे आक्का, तुमच्या डोळ्यांना नाही."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"डोळ्याचं म्या बघते, मिस्त्री. तुमी पत्र्याचं बघा."

मी पेटी कापली. जिद्दीनं नाही, रागानं. काचेपासून पुढचा सगळा भाग उघडला, आतला पत्रा नवा केला, आणि परत बंद करण्यात पावसाळा गेला, हिवाळाही गेला. इंजिन सोलापूरच्या मेकॅनिककडून होऊन आलं. गाडी करड्या प्रायमरमध्ये उभी राहिली. रंग तेवढा बाकी होता, पण आक्कांना निरोप धाडला.

त्या मुलाबरोबर आल्या. मुलानं हाताला धरून उतरवलं, ते त्यांना आवडलेलं नव्हतं. हात झटकून त्या स्वतः गाडीपाशी गेल्या, दार शोधून उघडलं, बसल्या. किल्ली फिरवली. आठ सिलेंडरचं इंजिन सुरू झालं तशी शेडचे पत्रे थरथरायला लागले. आक्कांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. फाटकापर्यंतची जागा मी मोकळी करून ठेवली होती. मी पुढं जाऊन बॉनेटच्या उजव्या कोपऱ्याशी उभा राहिलो आणि हातानं खूण केली, या.

गाडी हलली नाही.

"मिस्त्री," आक्कांनी आतून हाक मारली, "तुमी कुठं हाव?"

"इथंच की, समोर."

त्यांनी मान वळवून मला शोधलं. सापडलो, तेव्हा माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग किल्ली फिरवून इंजिन त्यांनी स्वतःच बंद केलं. कुणी सांगायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही शेजारी बसा. मी रामलिंगापर्यंत फिरवून आणतो."

"बसायचंच असतं तर यष्टी हाय की," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत येत नसते. मी अधूनमधून फोन करायचो. एकदा वाटलं, तेवढंच बरं वाटेल, म्हणून गाडी सुरू केली आणि फोन इंजिनाजवळ धरला.

"ऐकू येतंय का आक्का?"

"येतंय. बंद करा." आवाज नेहमीसारखाच कडक होता. "मला ऐकायची नव्हती, चालवायची हुती."

त्यांनी फोन ठेवला. मला राग आला. एवढी वर्षं मी त्यांचं ऐकलं होतं, प्रत्येक पत्रा कापला होता. माझं एकदा ऐकलं असतं, तर त्या ती गाडी घेऊन रामलिंगाला जाऊन आल्या असत्या. पण मग तेव्हा पुट्टी भरलेली गाडी मी त्यांच्या हातात कशी दिली असती, हेही मला सांगता येत नाही. आता तसं काम माझ्याच्यानं होत नाही. हा हिशोब मी पुष्कळदा मांडून बघितलाय, जुळत नाही.

आक्का पुण्यातच वारल्या. चार महिन्यांनी मुलगा गाडी न्यायला आला. भला माणूस आहे. गाडीवरून हात फिरवत म्हणाला, "आईला एकदा शेजारी बसवून चक्कर मारून आणायला हवी होती हो." मी फाटक उघडायला गेलो.

न्यायला मोठी गाडी आली होती. तिच्या फळ्या खाली सोडल्या. मस्टँग वर चढवायची होती, आणि मुलाला डावीकडचं स्टेअरिंग जमेना. "मिस्त्री, तुम्हीच चढवा," तो म्हणाला. मी बसलो, पहिला गियर टाकला, शेडमधून बाहेर काढली आणि हळूहळू फळ्यांवरून वर नेली.

इतक्या वर्षांच्या कामानंतर ती गाडी येडशीत चालली ती एवढीच, आणि ती मी चालवली.